काय गाळलं, ते सांगा

महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठाचा गेल्या काही वर्षांतला पदवीचा अभ्यासक्रम उघडा. पहिल्याच पानावर 'अध्ययन निष्पत्ती' अशा मथळ्याची एक चौकट हमखास भेटते. तिच्यात चार-पाच वाक्यं असतात. विद्यार्थ्यांना अमुक संकल्पनांची ओळख होईल, तमुक सिद्धांताचं आकलन होईल, चिकित्सक दृष्टी विकसित होईल, सामाजिक भान येईल. चौकट संपली की घटक एक ते घटक चार, प्रत्येकासमोर तासिका आणि श्रेयांक. जुना अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहिला तर बहुतेक वेळा घटक होते तसेच दिसतात. एखादा वरचा खाली गेलेला, एखाद्याचे दोन तुकडे झालेले, एवढंच. नवी आहे ती फक्त चौकट. म्हणजे काय शिकवायचं ते आधी ठरलं आणि त्यातून विद्यार्थ्याला काय येईल याची वाक्यं मागून जुळवली गेली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. शेवटी विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे इथून सुरुवात करायची आणि मग अभ्यासक्रम आखायचा, ही कल्पना माझ्या मते बरोबर आहे. तिच्यावर घेतले जाणारे बरेचसे आक्षेप तिच्यावरचे नसून तिच्या या सोंगावरचे आहेत. पण सोंग कुठलं आणि खरं कुठलं हे ओळखायचं कसं? त्याला एक साधी खूण आहे. नव्या अभ्यासक्रमातून काय गाळलं, ते विचारायचं. मुक्काम ठरला की काही वाटा आपोआप निरुपयोगी ठरतात. एकही वाट निरुपयोगी ठरली नसेल, तर मुक्काम ठरलेलाच नाही, चौकटीत काहीही लिहिलेलं असो.

कल्पना तशी जुनी आहे. शिकागो विद्यापीठातल्या राल्फ टायलर यांनी १९४९ साली एका छोटेखानी पुस्तकात अभ्यासक्रम आखणाऱ्याला चार प्रश्न घातले होते. कोणते हेतू साधायचे, त्यासाठी विद्यार्थ्याला कोणते अनुभव द्यायचे, ते अनुभव कसे लावायचे आणि हेतू साधले की नाही हे कसं ठरवायचं? १९९८ साली ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या दोघांनी यातला शेवटचा प्रश्न उचलून दुसऱ्या जागी आणून बसवला. आधी विद्यार्थ्याला काय यायला हवं ते ठरवा, लगेच ते त्याला आलं आहे हे कशावरून समजायचं तो पुरावा ठरवा, आणि शिकवायचं काय याचा विचार त्यानंतर करा. बदल दिसायला किरकोळ आहे, पण सगळी मेख तिथेच आहे. 'आकलन होईल' हे वाक्य कोणालाही, कशाबद्दलही, चहा पिता पिता लिहिता येतं. 'आकलन झालं हे कशावरून?' असं विचारलं की लिहिणाऱ्याला एखादा प्रश्न, एखादं काम, एखादी करून दाखवायची गोष्ट टेबलावर ठेवावी लागते. ती ठेवली की निष्पत्ती या शब्दात जीव येतो. आपल्या चौकटींत नेमकी हीच मधली पायरी नाही. पहिली आहे, तिसरी आहे, आणि दोघींमध्ये काही संबंध असावा अशी निव्वळ आशा आहे.

उदाहरणादाखल अर्थशास्त्राच्या किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना असलेला संख्याशास्त्राचा पेपर घेऊ. त्यातला 'केंद्रीय प्रवृत्तीची परिमाणं' हा घटक, म्हणजे मध्य, मध्यक आणि बहुलक. परीक्षेतले प्रश्न ठरलेले असतात. मध्यकाची व्याख्या द्या, गुणदोष लिहा, पुढील सारणीवरून मध्य काढा. सूत्र पाठ असलं की गुण हातात. आता याच घटकाचा पुरावा म्हणून दुसरा प्रश्न मांडून पाहू. एका कारखान्यात दहा जण आहेत. नऊ कामगारांना महिना १२,००० रुपये मिळतात आणि व्यवस्थापकाला १,२०,०००. मालक सांगतो, आमच्याकडे सरासरी पगार २२,८०० रुपये आहे. मालक खोटं बोलतो आहे का? कामगार संघटनेच्या पगारवाढीच्या पत्रात तुम्ही कोणता आकडा घालाल आणि का? आणि पुढच्या महिन्यासाठी बँकेत पगाराची एकूण किती रक्कम लागेल हे काढायचं असेल तर यातला कोणता आकडा कामाचा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं १२,०००, कारण तो मध्यक आहे आणि एका मोठ्या पगाराने तो हलत नाही. तिसऱ्यासाठी मात्र मध्यक निरुपयोगी. तिथे मालकाचाच आकडा हवा, कारण २२,८०० गुणिले दहा म्हणजे २,२८,०००. तिन्ही प्रश्नांत बेरीज-भागाकारापलीकडचं गणित नाही, तरी ज्याने गुणदोष पाठ केले आहेत तो इथे अडखळतो. कोणता आकडा कोणत्या कामाला, हे त्याने कधी ठरवलेलंच नसतं.

हा पुरावा मान्य केला की घटकाकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. मध्य आणि मध्यक काढता येणं अर्थातच हवं. टोकाचा एखादा आकडा काय करतो, हे समजायला हवं. पण गृहीतमध्य पद्धत आणि मध्यप्रमाण विचलन पद्धत कशासाठी? मोठमोठ्या संख्यांची हातानं करायची आकडेमोड वाचावी म्हणून काढलेल्या त्या युक्त्या आहेत. ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्याला त्या शिकवण्यात चार तास घालवायचे, तर ते चार तास कुठून तरी कापावे लागतात, आणि सहसा ते 'हा आकडा कशासाठी' या चर्चेतूनच कापले जातात. तेव्हा या पद्धती गाळाव्यात, आणि त्या तासांत दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी प्रसिद्ध होणाऱ्या 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी'मधली जिल्हावार दरडोई उत्पन्नाची सारणी वर्गात वाचायला घ्यावी. इथेही प्रश्न तोच आहे. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न हा मध्य आहे. त्यावरून त्या जिल्ह्यातल्या मधल्या माणसाबद्दल काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही? मी गाळण्याबद्दल बोलतो आहे ते या अर्थाने. गाळणं म्हणजे सोपं करणं नव्हे. उलट हा पेपर पूर्वीपेक्षा अवघड झाला.

याने शिकण्यात खरोखर फरक पडतो का, याबद्दलचा सर्वांत बोलका पुरावा भौतिकशास्त्रातून आला. डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली बल या संकल्पनेवर एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात सूत्रं नाहीत, आकडेमोड नाही. मोठा ट्रक आणि लहान मोटार समोरासमोर धडकली. कोणी कोणावर जास्त बल लावलं? अशा धर्तीचे साधे प्रश्न. न्यूटनचा तिसरा नियम ज्याला पाठ आहे त्याने 'दोघांनी सारखंच' म्हणायला हवं, पण परीक्षेत कठीण उदाहरणं सोडवणारे विद्यार्थी ट्रककडे बोट दाखवत होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी ही चाचणी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलं तशी द्यायची की मी एरवी विचार करते तशी. माझूर यांची व्याख्यानं लोकप्रिय होती, विद्यार्थ्यांचे गुणही चांगले होते. या एका चाचणीने त्यांना दाखवलं की ते जे साधतो आहोत असं समजत होते, ते साधत नव्हतंच. त्यानंतर त्यांनी वाचन वर्गाबाहेर ढकललं आणि वर्गात एकेका संकल्पनेवर प्रश्न टाकून शेजारी-शेजारी चर्चा घडवायला सुरुवात केली. अशा पद्धतींचा हिशेब रिचर्ड हेक यांनी १९९८ साली मांडला, ६२ अभ्यासक्रम आणि ६,५४२ विद्यार्थी. सुधारणेला जेवढा वाव होता त्यापैकी नेहमीच्या व्याख्यानांच्या वर्गांनी सरासरी २३ टक्के गाठला, चर्चेच्या वर्गांनी ४८ टक्के. हा काही नियंत्रित प्रयोग नव्हता. बहुतेक आकडे शिक्षकांनी आपणहून पाठवलेले होते, आणि ज्याचे आकडे बरे तोच ते पाठवतो हे उघड आहे. तरी दुपटीचा हा फरक निव्वळ निवडीने पडला असेल असं मानणं कठीण जातं. माझ्या मुद्द्यासाठी आकड्यापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. इथे कोणी निष्पत्तीची वाक्यं लिहायला बसलं नव्हतं. आधी प्रश्नपत्रिका आली, तिने आरसा दाखवला आणि शिकवणं त्यानंतर बदललं.

आपल्याकडे ही मधली पायरी निखळते याचं कारण प्राध्यापकांचा आळस नाही, तर रचना आहे, आणि ती मुंबई विद्यापीठाइतकी जुनी आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची हे विद्यापीठाचं काम. शिकवायचं ते महाविद्यालयांनी. पुढे विद्यापीठांत स्वतःचे विभाग आले, पण संलग्न महाविद्यालयांपुरती ती वाटणी आजही जवळपास तशीच आहे. अभ्यास मंडळ अभ्यासक्रम करतं, तो शिकवतं दुसरंच कोणी, प्रश्नपत्रिका काढणारा प्राश्निक तिसरा आणि मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात, म्हणजे कॅपमध्ये, गठ्ठा तपासणारा चौथा. या चौघांना बांधून ठेवणारी वस्तू एकच, घटकांची छापील यादी. म्हणून ती कराराच्या कागदासारखी पवित्र होते. वरचा कारखान्याचा प्रश्न उद्या कोणी पदवी परीक्षेत घातला तर तो 'आऊट ऑफ सिलॅबस' असल्याची तक्रार दुपारपर्यंत परीक्षा विभागात पोचलेली असेल, कारण प्रचलित पुस्तकात तसं उदाहरण नाही. शहाणा प्राश्निक तो घालतच नाही. मग शहाणा शिक्षक तो शिकवत नाही, आणि शहाणा विद्यार्थी परीक्षेच्या आधी आठ दिवस अपेक्षित प्रश्नसंच आणतो. सगळे आपापल्या जागी शहाणे आहेत. १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगाने म्हटलं होतं की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर आम्ही परीक्षांची सुचवू. पंच्याहत्तर वर्षं आपण बाकी सगळ्या सुधारणा करून पाहिल्या.

या संदर्भात बेंजामिन ब्लूम यांची गंमत सांगण्यासारखी आहे. आज प्रत्येक प्रशिक्षण वर्गात शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाचा ब्लूम यांचा जिना वाटला जातो आणि त्याच्यासोबत क्रियापदांची यादी येते. 'सांगतो' खालच्या पायरीवर, 'विश्लेषण करतो' वरच्या. प्राध्यापक त्या यादीतली वजनदार क्रियापदं उचलतात आणि चौकटीत बसवतात. पण १९५६ सालचं ते वर्गीकरण मुळात महाविद्यालयीन परीक्षकांच्या एका समितीचं काम होतं, आणि पुस्तकाच्या शीर्षकपानावर तसं छापलेलं आहे. वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या परीक्षकांना आपापले प्रश्न एकमेकांना देता-घेता यावेत, यासाठी प्रश्नांच्या जाती ठरवायची ती धडपड होती. म्हणजे या जिन्याचं घर प्रश्नपत्रिकेत आहे, अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर नाही. आणि ब्लूम आपल्याला परकेही नव्हते. १९५७-५८ मध्ये ते माध्यमिक परीक्षांच्या सुधारणेसाठी भारतात येऊन गेले, त्यातून पुढे केंद्रीय परीक्षा विभाग निघाला. आपण त्यांचा परीक्षेचा विचार बाजूला ठेवला आणि क्रियापदं ठेवून घेतली.

क्रियापदांवर पुढे आकड्यांचा थर चढला. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या १९८९च्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला, आणि तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या मूल्यांकनात निष्पत्ती केंद्रस्थानी आल्या. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांतही त्यांना जागा मिळाली. करार योग्यच होता. पुण्यातल्या पदवीधराला काय येतं हे मेलबर्नमध्ये कळायला काही सामायिक भाषा लागणारच. पण महाविद्यालयात ही भाषा उतरली ती तक्त्याच्या रूपात. आडव्या ओळीत पेपरच्या निष्पत्ती, उभ्या रकान्यांत पदवीच्या निष्पत्ती, आणि प्रत्येक चौकोनात १, २ किंवा ३. मग सत्राच्या शेवटी 'अटेनमेंट' काढायचं. समजा साठ टक्के विद्यार्थ्यांना साठ टक्क्यांच्या वर गुण मिळाले तर पातळी तीन. ही मर्यादा संस्थेनेच ठरवायची. हिशेब निर्दोष असतो, कारण तो एक्सेल करतो. पण त्यात जाणारे गुण त्याच जुन्या प्रश्नपत्रिकेचे असतात. निष्पत्ती म्हणते 'विश्लेषण करता येईल', प्रश्न म्हणतो 'व्याख्या द्या', विद्यार्थी पाठ केलेली व्याख्या देतो, आणि तक्ता जाहीर करतो की विश्लेषणाची निष्पत्ती २.७ इतकी साधली. दशांश चिन्हानंतरचा तो सात मला नेहमी करुण वाटतो. या सगळ्या कागदी कारभारात एक गोष्ट मात्र खरोखर उपयोगी आहे, आणि ती म्हणजे प्रत्येक प्रश्नासमोर तो ब्लूमच्या कोणत्या पातळीचा आहे ते लिहिण्याची पद्धत. प्रामाणिकपणे लिहिलं तर एका दृष्टिक्षेपात कळतं की साठांपैकी पन्नास गुण नुसत्या आठवणीचे आहेत. तेवढं ठेवावं आणि तक्ते खुशाल फेकून द्यावेत.

गाळण्याला विरोध होतो त्याचं एक कारण मात्र कोणत्याच प्रशिक्षण वर्गात बोललं जात नाही. घटक म्हणजे तासिका, तासिका म्हणजे कार्यभार, आणि कार्यभार म्हणजे पद. एखादा पेपर चार श्रेयांकांचा दोनवर आला की विभागातल्या एका तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाच्या पोटावर पाय येतो. त्यामुळे अभ्यास मंडळाच्या बैठकीत 'हा घटक कशाला हवा?' हा बौद्धिक प्रश्न राहत नाही. नवीन शैक्षणिक धोरणानंतर तर गणित आणखी बिघडलं. दोन श्रेयांकांचा पेपर म्हणजे तीस तास. प्रवेश लांबले, परीक्षा मध्ये आल्या, की प्रत्यक्षात हातात उरतात त्याहून कमी. त्यात जुन्या साठ तासांचे घटक कोंबलेले आढळतात, शीर्षकं आखूड करून. अशा पेपरात शिक्षकाला एकच निष्पत्ती साधता येते, पोर्शन संपवणं. शेवटच्या तासाला गंगेत घोडं न्हालं की तो सुटतो आणि विद्यार्थीही. कार्यभाराचा प्रश्न खरा आहे, पण तो पदांच्या धोरणात सोडवायचा प्रश्न आहे. अभ्यासक्रमाच्या पानांत दडवून तो सुटत नाही.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप भाषा-साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचा आहे, आणि तो लॉरेन्स स्टेनहाऊस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७५ सालीच नेमका मांडून ठेवला आहे. त्यांचं म्हणणं असं की ज्ञानात प्रवेश घडवणारं शिक्षण जितकं यशस्वी, तितकं विद्यार्थी पुढे काय म्हणेल हे आधी सांगता येणं कठीण. कविता वाचून काय व्हावं हे सत्राच्या सुरुवातीलाच लिहून ठेवायचं, म्हणजे कवितेला नोकरीवर ठेवण्यासारखंच झालं. या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्याची धार आज जे चाललं आहे त्याच्यावर जास्त चालते. 'तुकारामांच्या अभंगांतील समाजचिंतन स्पष्ट करा' या प्रश्नाचं उत्तर एकही अभंग न वाचता लिहिता येतं आणि हजारोंनी लिहिलं जातं, पाच मुद्दे, तेच पाच. यात अनपेक्षित असं काय आहे? आता पुरावा बदलून पाहू. गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. वर्गात न घेतलेला एखादा विद्यार्थ्यासमोर ठेवायचा, जुन्या शब्दांचे अर्थ खाली द्यायचे, आणि विचारायचं की इथे कोण कोणाशी बोलतं आहे, सूर कुठे वळतो, आणि हा अभंग केवळ विनवणीचा आहे असं कोणी म्हटलं तर तुम्ही काय म्हणाल. विद्यार्थी काय लिहील ते मला आधी ठाऊक नाही, ठाऊक असायची गरजही नाही. त्याने ओळींचा आधार घेतला की नाही, हे मात्र मला तपासता येतं. निष्पत्ती ही वाचनाची आहे, निष्कर्षाची नाही. स्टेनहाऊस यांचं अनिश्चितपण इथे शाबूत राहतं. असा पेपर करायचा तर नेमलेले तीस अभंग दहावर आणावे लागतील आणि 'जीवन व कार्य' हा घटक जाईल. गेला तर जाऊ दे. तरीही काही शिल्लक राहतं, हे मी मान्य करतो. साठातले सात-आठ तास कोणत्याही निष्पत्तीला न बांधता शिक्षकाला आवडत्या पुस्तकासाठी मोकळे ठेवायला हवेत.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो, कारण त्यामागे एका देशाचा अनुभव आहे. वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने १९९७ साली निष्पत्तीवर उभा असलेला नवा शालेय अभ्यासक्रम जाहीर केला आणि पुढच्या वर्षापासून तो लागू केला. हेतू उदात्त होता. जुन्या पाठांतरी, अपमानकारक शिक्षणाला तो उत्तर होता. पण त्यात आशय कमालीचा मोघम होता. काय साधायचं ते बारकाईनं सांगितलेलं, पण कोणत्या इयत्तेत नेमकं काय शिकवायचं ते शिक्षकावर सोडलेलं, आणि वर परिभाषेचं जंजाळ. ज्या शाळांत ग्रंथालय होतं, प्रशिक्षित शिक्षक होते, तिथे ते निभावलं. ज्या गरीब शाळांसाठी हा खटाटोप होता त्याच मागे पडल्या. अनेक दुरुस्त्या करून अखेर २०१२पासून त्यांनी इयत्तावार, विषयवार आशय सांगणारा अभ्यासक्रम परत आणला. यावरून आशय दुय्यम आहे असं समजणाऱ्यांनी बोध घ्यायला हवा, आणि गाळा-गाळा म्हणणाऱ्या मीही. ज्याला मध्य काढता येत नाही तो मध्य आणि मध्यकात निवड काय करणार? पुष्कळ माहिती डोक्यात असल्याशिवाय विश्लेषण नावाची गोष्ट संभवत नाही. पण त्या अभ्यासक्रमाने आशय पुसट केला होता. मी म्हणतो आहे तो आशय कमी पण पक्का असावा, आणि कोणता ठेवायचा ते पुराव्याकडून ठरावं. मोघमपणाचा धोका आपल्या 'सामाजिक भान येईल' या वाक्याला जास्त आहे.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. निष्पत्ती ठरवणार कोण? आज तिचं भाषांतर फार लवकर 'रोजगारक्षमता' असं होतं, आणि मग कंपन्यांना काय हवं ते अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर येऊन बसतं. ही भीती रास्त आहे. पण महाराष्ट्राला याचं उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांसाठी मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीतीचे पाठ मागितले, आणि त्यांच्यासोबत इतिहास, भूगोल, व्याकरणही मागितलं. माध्यमिक शाळांतलं शिक्षण सामान्य जगण्याच्या उपयोगाचं नाही, त्यातून कारकून आणि मास्तर तेवढे निघतात, असं त्यांनी सुनावलं होतं. ही निष्पत्तीपासून केलेली मांडणी आहे, पण तिची सुरुवात नोकरी देणाऱ्यापासून होत नाही. जो कागद वाचता न आल्यामुळे सावकाराच्या दारात नागवला जातो, त्या शेतकऱ्याच्या पोरापासून ती होते. तेव्हा प्रश्न निष्पत्ती असावी की नसावी असा नाहीच. ती नेहमीच असते. लिहिलेली नसली तर कारकून घडवण्याची असते.

उरतो व्यवहाराचा आक्षेप, आणि प्राध्यापक तो सर्वांत आधी घेतात. संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकाच्या हातात ना अभ्यासक्रम ना प्रश्नपत्रिका, आणि न पाहिलेल्या अभंगावरच्या चाळीस उत्तरपत्रिका एका बैठकीत तपासून होत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही मोठ्या संख्येच्या, एका नियामकाखालच्या शिक्षणात पुराव्यापासून सुरुवात करता येते, याचं उदाहरण वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे १९७५ साली मांडलेली 'ऑस्की' परीक्षा आपल्याकडेही रुळली आहे. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो. इथे रक्तदाब मोजून दाखव, तिथे रुग्णाला इंजेक्शन कसं घ्यायचं ते समजावून सांग, आणि परीक्षक समोरच्या यादीवर खुणा करतो. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात एकेका कौशल्यासमोर लिहिलेलं आहे की विद्यार्थ्याला ते नुसतं माहीत असावं, कसं करायचं ते माहीत असावं, करून दाखवता यावं की स्वतंत्रपणे करता यावं. तिथेही लॉगबुकवर घाऊक सह्या होणारच, तो आपला स्वभाव आहे. पण 'रक्तदाबाचं आकलन होईल' असं तिथे कोणी लिहीत नाही, कारण समोर माणूस असतो. कला आणि वाणिज्य शाखांतही अंतर्गत मूल्यमापनाचे तीस किंवा चाळीस गुण शिक्षकाच्याच हातात आहेत, आणि सध्या ते बहुतांशी वर्गचाचणी नावाच्या विधीवर उधळले जातात. स्वायत्त महाविद्यालयांना तर प्रश्नपत्रिकेचंही स्वातंत्र्य आहे. त्यांनी विद्यापीठाच्याच साच्याचे पेपर काढत राहावं याला कसलंही निमित्त चालणार नाही.

म्हणून अभ्यास मंडळांच्या सदस्यांना एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत घटकांच्या आधी तीन प्रश्न मांडा, सत्र संपल्यावर विद्यार्थ्याने सोडवायचे, कोणत्याही गाईडमध्ये न सापडणारे. त्या तिन्हींसाठी जे लागत नाही त्याच्यावर रेघ मारा. आणि इतिवृत्तात जिथे 'सुधारित अभ्यासक्रमास सर्वानुमते मान्यता देण्यात आली' असं लिहिता, त्याच्या खाली आणखी एक ओळ वाढवा, 'वगळलेले घटक', आणि ती रिकामी सोडू नका.